पंप किती वेळा काढलास ते मोज

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलं की "मावशी, मी ठीक आहे गं" म्हणतेस आणि विषय संपवतेस, म्हणून लिहायला बसले. दमेकऱ्याचं "ठीक आहे" मी छातीच्या वॉर्डात इतकं ऐकलंय की त्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. कुणी खोटं बोलत नाही. दमा इतक्या हळू वाढतो की माणूस नकळत जगणंच आखडतं घेतो. जिना टाळतो, खळखळून हसायचं टाळतो, उशाला आणखी एक उशी घेतो, आणि तेच आपलं नेहमीचं असं धरून चालतो.

रविवारी दांडिया बाजारच्या घरी येताना तू जिन्यात मध्येच मोबाइल काढून उभी राहिलीस. बघत काहीच नव्हतीस, श्वासागणिक खांदे तेवढे वर उचलले जात होते. वर आल्यावर फोडणीचा ठसका लागला तो पानं उचलेपर्यंत थांबला नाही. मी गप्प बसले, कारण तुझी आई समोर होती.

तेव्हा "दम लागतो का" हे स्वतःला विचारूच नकोस. छातीला सवय झालेली असते, ती खरं सांगत नाही. त्यापेक्षा रात्री मोज. दम्याच्या खोकल्यानं किंवा घरघरीनं महिन्यात एकदा जरी झोप मोडली, तरी दमा पूर्ण ताब्यात नाही असंच डॉक्टर धरतात. तुझी रूममेट म्हणते तू पहाटे उठून बसतेस.

दुसरं, निळा पंप, म्हणजे दम लागला की तेवढ्यापुरता ओढायचा इनहेलर. तो आठवड्यातून दोनदाच्या वर लागायला लागला की समज, गाडी बिघडतेय. त्यानं आवळलेली श्वासनळी सैल होते, पण आतली सूज जशीच्या तशी राहते. बरं वाटतं आणि तिथंच फसगत होते. एका डब्यात साधारण 200 पफ असतात. वर्षाला तीन डबे लागणाऱ्याला मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारं स्टेरॉइडचं औषध श्वासावाटे घ्यायलाच हवं. तू नेमका तोच स्टेरॉइडचा पंप सोडलास, आत्याबाई "पंपाची सवय लागते" म्हणाल्या म्हणून! सवय कसली? चष्मा लागला की डोळ्यांना चष्म्याची सवय लागली म्हणतो का आपण? तो पंप रोज घे, वर चूळ भरून गुळण्या कर. नव्या डब्यावर सुरू केल्याची तारीख पेनानं लिही, म्हणजे डबा किती पुरला ते मलाही दिसेल.

शिल्पकलेच्या वर्गाचंही बोलू. प्लास्टरची भुकटी, दगड घासतानाचा धुरळा, रेझिनचा वास. सुट्टीत घरी गेलीस की खोकला कमी होतो आणि परत आलीस की दोन-चार दिवसांत वाढतो, असं आहे का? असेल तर डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांग. झाडू कोरडा मारू नका, पाणी शिंपडून पुसा. शिल्पकला सोड असं मी म्हणत नाही, तुझ्या आईनं म्हटलं तर माझं नाव सांग.

आणि नवरात्र तोंडावर आलंय. बडोद्यात राहून गरबा खेळू नकोस म्हणणारी मी कोण! पण दमा आधी ताब्यात आण. चणियाचोळीला खिसा नसतो, म्हणून निळा पंप पर्समध्ये ठेवून पर्स मैत्रिणीकडे, असं करू नकोस. कमरेला बटवा बांध. त्या मैत्रिणीलाही पुढचं वाचून दाखव.

एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबावं लागलं, गळ्याखालची आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, ओठ निळसर दिसले किंवा पंपाचा आराम चार तासही टिकेना, तर सकाळची वाट बघायची नाही. आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. 108 ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, मिनिटा-अर्ध्या मिनिटानं निळ्या पंपाचा एकेक पफ, दहापर्यंत. रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या, बोटाला लावायच्या मशीनवर 95 आलं म्हणून निर्धास्त राहू नका, तो आकडा बराच उशिरा घसरतो. आणि नीट लक्षात ठेवा: छातीतल्या शिट्ट्या थांबल्या, पण माणूस दमलेलाच आहे, ग्लानीत जातोय, तर ते बरं होणं नव्हे. हवाच आत जात नाही म्हणून आवाज बंद झालेला असतो. नातेवाईक तेवढ्यात "आता शांत झोपलाय" म्हणून सुस्कारा टाकतात, हे मी पाहिलंय.

तुझ्यासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची ते मोजायचं यंत्र, आणून ठेवलाय. औषध नीट चालू झाल्यावर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि मोठा आकडा वहीत लिहायचा. त्यातला सर्वात चांगला तो तुझा आकडा. पुढे त्याच्या 80 टक्क्यांखाली आलीस की डॉक्टरांना फोन, 50 खाली आलीस की थेट दवाखाना. सोमवारी सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत मी येते तुझ्याबरोबर. घरातले सगळे पंप, रिकामेसुद्धा, पिशवीत घालून आण. डॉक्टरांसमोर ओढून दाखवायचे आहेत, कारण मला शंका आहे की तू पफ मारून श्वास दहा सेकंद रोखून धरतच नाहीस.

तुझी,
मावशी