टाइप २ मधुमेह फक्त आहार आणि व्यायामाने आटोक्यात राहतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी रक्ततपासणी) ७.८ आलंय, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलंय आणि गोळीशिवाय नुसत्या पथ्य-व्यायामावर भागेल का. मला मधुमेह होऊन सात वर्षं झाली. माझा पहिला आकडा ८.१ होता आणि माझाही पहिला प्रश्न हाच होता.

भागू शकतं. सगळ्यांचं भागत नाही, आणि पहिल्या वर्षी मी ज्या पद्धतीने केलं तसं केलं तर कुणाचंच भागणार नाही.

मी साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, गोडधोड बंद. पहाटे उठून तासभर चालायचो आणि मग ‘आज एवढं चाललोय’ या हिशेबावर दुपारी भाताचा डोंगर. उपाशीपोटीची शुगर १२५च्या आसपास यायची, त्यावर मी खूश. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.९. लाल रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेवरून तो काढतात आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा कच्चा चिठ्ठा असतो. तपासणीच्या आधीचे चार दिवस कडक पथ्य पाळून फारसा फरक पडत नाही. तेही करून बघितलंय.

पाणी मुरत होतं ते जेवणानंतर, आणि तिथे मी कधी मोजतच नव्हतो. म्हणून ग्लुकोमीटर घेतला. एक दिवस वाटीने मोजून भात, डाळ, भाजी खाल्ली आणि खुर्चीत बसून राहिलो. पहिल्या घासापासून दोन तासांनी २१८. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, तेवढाच भात, फक्त हात धुतल्यावर घरातल्या घरात पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या. १७४. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी वापरली, १७१. तिसऱ्या दिवशी भाजी आणि डाळ आधी खाल्ली, भात सगळ्यात शेवटी, आणि मग फेऱ्या. १५६. ताटातलं काहीच बदललं नव्हतं, बदलला होता फक्त क्रम. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हे तीन दिवस करून बघाच. कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा जास्त कळतं.

असं का होतं? रक्तातली साखर पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं, आणि टाइप २मध्ये शरीर त्याला नीट दाद देत नाही. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. जेवणानंतर साखर चढत असतानाच चाललात तर ती तिथल्या तिथे खर्ची पडते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६मध्ये टाइप २च्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर त्याच लोकांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. व्यायामाचा असर एखाद-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी दहा किलोमीटर आणि सोमवार ते शनिवार सुट्टी हा हिशेब जुळत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं किंवा उठाबशाही घाला, कारण साखर साठवायची कोठारं म्हणजे स्नायूच.

खाण्याबद्दल फार सांगत नाही. फळ चावून खा, रस पिऊ नका. ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली तरी पीठ असतंच. कडू रस प्यायल्याने रक्तातली साखर उतरते असं सांगणारे ढिगाने भेटतील. त्यांना मान डोलवा आणि पुढे चला.

आता गोळी सुटण्याबद्दल. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांना देखरेखीखाली तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा एचबीए१सी औषधाशिवाय ६.५च्या खाली होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी मात्र ४६चे ३६ उरले. वजन परत आलं की निजलेला मधुमेह जागा होतो. तुमचा नवा आहे, पोटावर चरबी असेल तर तुम्हाला संधी चांगली आहे. मी नऊ किलो उतरवलं, एचबीए१सी ६.६वर आहे, आणि मेटफॉर्मिन अजून घेतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. पूर्वी वाटायचा.

त्या कमीपणापायीच एकदा शहाणपणा केला होता. दुसऱ्या वर्षी मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी दुसरी गोळी होती. डॉक्टरांना न विचारता रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलं आणि चालणं दुप्पट. एका संध्याकाळी परत आलो तर दाराच्या कुलपात किल्ली जाईना. किल्ली बरोबर होती, हात थरथरत होता. शर्ट घामाने ओला. कसाबसा आत जाऊन मोजली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा ९० पार झाली. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही, पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने कोसळते. म्हणजे खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर नाही.

तुम्ही सध्या गोळी चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी बघून डोस कमी करता येईल का हे डॉक्टरांनाच विचारा. मधल्या काळात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी उरकून घ्या. टाइप २ बऱ्याचदा कळायच्या आधी काही वर्षं आत मुक्काम करून असतो, त्यामुळे ‘आत्ताच तर झालाय’ असं म्हणून ती टाळू नका.

आणि मोजताना बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा, कमी दुखतं. त्याआधी हात धुवून कोरडे करा. मी एकदा केळं सोलून तसंच टोचलं होतं. २९० आले. पुन्हा हात धुवून मोजेपर्यंतची दोन मिनिटं मी मृत्युपत्राचा मजकूर ठरवत होतो.