त्रिज्येतले तीन कुठे गेले?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न : तिफणीला तीन फण असतात म्हणून ती तिफण, मग त्रिज्येत तीन काय आहे? आणि तिला सरळ 'अर्धव्यास' म्हटलं तर चालेल का?

त्रिज्या म्हणजे काय ते शाळेत झालंय, तिथं थांबत नाही. आधी राग काढून घेतो. 'परीघ तिप्पट भरतो म्हणून त्रि' हे उत्तर मी शिकवणीच्या वर्गापासून पारापर्यंत ऐकत आलोय. अहो, तिप्पट कशाच्या? व्यासाच्या! त्रिज्येच्या तर सहापटीहून जास्त. मग हिला षड्ज्या का नाही म्हणत? आणि तिप्पट तरी कुठे? आर्यभटानं 499 सालीच 20000 व्यासाला 62832 परीघ सांगून ठेवलाय.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हा चाप, त्याची दोरी ती ज्या. पुस्तकातली 'जीवा' तीच. ग्रहगणित करणाऱ्यांना काम पडे ते दुप्पट चापाच्या अर्ध्या दोरीचं, म्हणून अर्धज्या. पुढे 'अर्ध' गळालं आणि अर्धीलाच ज्या म्हणू लागले. आता पंचांग आठवा. राशी बारा, एकेकीचे 30 अंश. तीन राशींचे झाले 90. नव्वद अंशांची ही अर्धी दोरी, म्हणजे दुप्पट 180 अंशांच्या चापाच्या दोरीची अर्धी, काढून पाहा, नेमकी केंद्रापासून परिघापर्यंत पोचते! तीन राशींची ज्या ती त्रिज्या. आर्यभटाच्या ज्यांच्या यादीतली शेवटची, म्हणजे 90 अंशांची, ज्या 3438 कलांची आहे; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. परीघ 21600 कला धरला की त्रिज्या तेवढीच येते. म्हणजे तीन आहेत, पण आभाळात.

माझं तर म्हणणं, विहीर आखायला मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवणाऱ्यानं नाव ठेवलं असतं तर 'आरा' ठेवलं असतं, बंडीच्या चाकातला. एक शुद्धलेखनवाले स्नेही यावर नाक मुरडतात : गावंढळ शब्द! त्यांना सांगतो, लॅटिनमध्ये रेडियस म्हणजे चाकाचा आराच. आणि ऋग्वेदातल्या वर्षाच्या चाकालाही आरे आहेत, तेही मोजून बारा. आता ऋग्वेदाला गावंढळ म्हणा.

हां, अर्धव्यासाचं राहिलंच. म्हणा की, जुन्या ग्रंथांत 'व्यासार्ध' आहेच. फक्त पेपरात 'त्रीज्या' असं दीर्घ लिहू नका.