कादंबरीचं पहिलं वाक्य वाचताना

वाक्य आवडलं की नाही, हे आधी बाजूला ठेव. ते मोठ्यानं वाच, वहीत उतरवून घे आणि एकेक शब्द काढून काय बिघडतं ते बघ.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) घे. ‘मी, पांडुरंग सांगवीकर, आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ आता ‘उदाहरणार्थ’ खोड. उरतं ते नोकरीच्या अर्जातलं वाक्य! तो एक शब्द परत घातला की नाव-वय सांगणारा हाच माणूस स्वतःला नमुना म्हणून समोर ठेवतो, आणि वर्गातल्या पुस्तकी भाषेची जाता जाता टरही उडवतो. ‘आज’कडेही बघ. सांगणारा पंचविशीत उभा आहे, म्हणजे पुढचं बालपण आणि पुण्यातलं कॉलेज हे सगळं मागे वळून सांगितलेलं. बहुतेक जण ‘उदाहरणार्थ’वर हसतात आणि ‘आज’ सोडून देतात.

पहिल्या पूर्णविरामाशी मात्र थांबू नकोस. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यूच्या ‘परका’ कादंबरीत (१९४२) आई आज वारल्याचं पहिलं वाक्य सांगतं, तर दुसरं लगेच म्हणतं, कदाचित काल, नक्की माहीत नाही. धक्का मरणाचा नाही, त्या बेफिकिरीचा आहे. आणि तो दुसऱ्या वाक्यात आहे.

सगळी कादंबरी पहिल्या ओळीत शोधण्याचा हट्टही नको. कित्येक उत्तम कादंबऱ्या साध्या हवापाण्यानं सुरू होतात. तिथे ओढूनताणून प्रतीकं काढू नकोस, सरळ पुढे वाच. मलपृष्ठ आणि प्रस्तावना शेवटी.