एका उलटीची गोळी दुसरीला का चालत नाही?

प्रश्न : डॉक्टर, आईची सिस्प्लॅटिनची केमो चालू आहे. सलाईनआधी तिला ऑन्डानसेट्रॉन देतात. त्या दिवशी ती वरणभात जेवते, आम्हालाच हसवते. तिसऱ्या दिवशी मात्र उमासे सुरू होतात, पाणीसुद्धा ठरत नाही. घरी द्यायला त्याच गोळ्या लिहून दिल्यात. त्यातलीच एक मी पसरणी घाटात आठ वर्षांच्या मुलाला दिली, कारण त्याला गाडी लागते. तरी पाचगणीपर्यंत तो दोनदा ओकला. गोळ्या बनावट असतील का?
— एक वाचक, वाई

उत्तर : गोळ्या खऱ्याच असाव्यात. तीन वेगळ्या उलट्यांना तुम्ही एकच औषध लावलंत, एवढंच झालंय. आईची गोळी मुलाला देणं मात्र पुन्हा करू नका.

उलटीचा हुकूम मेंदूच्या तळाशी सुटतो, पण तिथे खबर पोचायच्या वाटा अनेक. बहुतेक औषधं यातली एखादी वाट अडवतात.

सिस्प्लॅटिनमुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूला डिवचतं आणि खबर वर जाते. ऑन्डानसेट्रॉन हीच वाट अडवतं. पण सेरोटोनिनचा हा जोर मुख्यतः पहिल्या 24 तासांचा. पुढच्या चार-पाच दिवसांत कारभार ‘सब्स्टन्स पी’ या दुसऱ्या रसायनाकडे जातो आणि तिथे या गोळीचं फारसं चालत नाही. उलट तिने बद्धकोष्ठ होतं, आणि पोट साफ नसलं की मळमळ आणखी वाढते. आईला विचारा, बहुतेक हो म्हणतील.

सब्स्टन्स पीसाठी अ‍ॅप्रेपिटंट आहे. पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅम, पुढे दोन दिवस 80, अशी त्याची नेहमीची पद्धत, जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. आईच्या कागदावर ही दोन्ही आहेत का, ते पाहा. नसतील तर पुढच्या केमोच्या आधी विचारा. उलट्या लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्या लागूच न देणं सोपं असतं. डॉक्टर रात्री ओलान्झापिन घ्यायला सांगतील. मोबाइलवर शोधलंत तर ते मनोविकाराचं औषध निघेल. दचकू नका. ते एकाच वेळी अनेक वाटा अडवतं, म्हणून केमोत वापरतात. त्याने फार झोप येते ही तक्रार खरी आहे. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 10 ऐवजी 2.5 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि झापड कमी आली. 2024 साली हे प्रसिद्ध झालं.

दिवसभर पाणी ठरलं नाही किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात फोन करा. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर आधीच ताण टाकतं, त्यात अंगातलं पाणी आटू देऊ नये.

आता चिरंजीव. घाटात कान सांगतो वळतोय, डोळे सांगतात मोबाइल स्थिर आहे. हा गोंधळ आणखी दोन रसायनांच्या, म्हणजे हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या वाटेने जातो. सेरोटोनिनचा तिथे फारसा संबंध नाही. त्यासाठी प्रोमेथाझिन (तीच आपली अ‍ॅव्होमिन). मुलाचा डोस बालरोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला ती देतच नाहीत, आणि गाडी चालवणाऱ्यानेही घेऊ नये, कारण गुंगी येते. वाईतून निघायच्या तासभर आधी द्या. मळमळ सुरू झाली की जठर पुढे ढकलायचं थांबतं आणि गोळी तिथेच पडून राहते.