कापूस खरेदीच्या नोंदी आणि एंटिटी-ऑटो: कुठं सोडायचं, कुठं हातात ठेवायचं

भाऊ, हिंगणघाटकडच्या जिनिंगसाठी तुम्ही ऑफबिझवर (व्यवसायाच्या नोंदी सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर) कापूस खरेदीचं काम उभं करताय. शेतकरी, गाडी, काटा पावती, भाव, चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) अशा प्रत्येक टेबलासाठी कोड लिहायचा की एंटिटी-ऑटोवर, म्हणजे कोड न लिहिता नोंदी करून देणाऱ्या ऑफबिझच्या सोयीवर, सोडायचं, असं तुम्ही विचारलंय. साध्या नोंदी बिनधास्त सोडा. सर्व्हिसच्या (नोंद घालणं, बदलणं असं एकेक काम) व्याख्येत इंजिन एंटिटी-ऑटो, डिफॉल्ट-एंटिटी-नेममध्ये एंटिटी (म्हणजे टेबल) आणि इन्व्होकमध्ये क्रिएट, अपडेट, डिलीट किंवा एक्स्पायर लिहिलं की ग्रूव्ही भाषेतल्या कोडची एक ओळही लागत नाही. प्रायमरी की (नोंदीची ओळख पटवणारा क्रमांक) 'आउट', म्हणजे बाहेरून न देता सर्व्हिसकडून मिळणारी, ठेवली की नवा क्रमांक इंजिनच काढतं. पावतीच्या ओळींसारख्या जोड-कीमध्ये (दोन क्रमांकांची मिळून एक की) पावती क्रमांक आत दिला आणि ओळीचा क्रमांक आउट ठेवला, तर 00001, 00002 असे आकडे आपोआप पडतात.

पण हा आपोआप आलेला क्रमांक शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर छापू नका. हे मी कळकळीनं सांगतो. ऑफबिझ क्रमांक एकेक करून घेत नाही, गठ्ठ्यानं उचलून मेमरीत ठेवतं. मुळात गठ्ठा 10 चा असतो. लाइन गेली, सर्व्हर बंद पडला, की न वापरलेले क्रमांक गेले. पुढची पावती मधले आकडे सोडून निघते. मग हिशेब तपासणारा विचारतो, मधल्या पावत्या कुठं आहेत? आपल्याकडं भर हंगामात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून छापायच्या क्रमांकासाठी वेगळं फील्ड घ्या आणि तो स्वतःच्या सर्व्हिसमध्ये, पावतीच्या नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र पक्कं होतं किंवा सगळं रद्द होतं असा व्यवहार) द्या.

भावाच्या टेबलाला अपडेट सर्व्हिस देऊच नका. फ्रॉमडेट, थ्रूडेट (भाव कधीपासून, कधीपर्यंत) ठेवा. भाव बदलला की जुन्या नोंदीवर एक्स्पायर चालवा, म्हणजे थ्रूडेटमध्ये त्या क्षणाची वेळ बसते. मग नवी नोंद घाला. "माझी गाडी काट्यावर आली तेव्हा भाव काय होता?" हे विचारायचा शेतकऱ्याला हक्क आहे, आणि उत्तर टेबलातच सापडलं पाहिजे. पावतीला डिलीटही नको. स्टेटस-आयडी (नोंदीची स्थिती सांगणारं फील्ड) ठेवून 'रद्द' करा. एंटिटी-ऑटोचं अपडेट स्टेटस-व्हॅलिड-चेंजमध्ये (कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येतं याचं टेबल) नसलेला बदल स्वतःच अडवतं, तेव्हा चुकारा झालेली पावती परत 'नवी' होणार नाही.

परवानगी मात्र आपोआप येत नाही. सर्व्हिसच्या व्याख्येत ऑथ ट्रू केल्यानं फक्त लॉगिन तपासलं जातं; काट्यावरच्या मुलाला भाव बदलता येऊ नये यासाठी परमिशन-सर्व्हिस (कुणाला काय करता येईल ते तपासणारी सर्व्हिस) लावावीच लागते.

ओलाव्याची कपात आणि चुकारा यांत निर्णय आहे, तो कोड स्वतः लिहा. त्याच सर्व्हिसमधून पावतीची, ओळींची ऑटो सर्व्हिस बोलवा. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये राहील, मध्येच लाइन गेली तर अर्धवट नोंद उरणार नाही. स्क्रीन बांधायच्या आधी प्रत्येक सर्व्हिस वेबटूल्समधून (ऑफबिझचा तांत्रिक कामांचा भाग) चालवून पाहा. कुठं अडलं तर त्या सर्व्हिसची व्याख्या इथं टाका, मी बघतो.