बुटक्या माणसाने कोणती अकॉस्टिक गिटार घ्यावी?

उंची पाच फूट, ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाची नेहमीची गिटार) काखेत मावत नाही आणि बजेट मोजकं, असं तुम्ही लिहिलंय. मग सरळ कॉन्सर्ट आकाराची, म्हणजे ड्रेडनॉटपेक्षा लहान अंगाची गिटार बघा. यामाहाच्या एफएस मालिकेपासून सुरुवात करा. थोडं ताणता आलं तर एफएस८००, कारण तिचं वरचं फळकूट सॉलिड स्प्रूसचं आहे, प्लायवूडचं नाही. थ्री-फोर्थ, म्हणजे पाऊण आकाराची गिटार लहान मुलांसाठी किंवा प्रवासात ठीक, पण मोठ्यांना तिचा आवाज लवकर तोकडा वाटतो.

नावापेक्षा हातात आलेली गिटार महत्त्वाची. दुकानात बसून दहा मिनिटं वाजवाच. उजवा खांदा वर उचलला जातोय का? तसं असेल तर ती अजून मोठीच आहे. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावी) सर्वांत जाड तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर अंतर हवं. त्याहून जास्त असेल तर एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबायचा अवघड स्वरमेळ) धरताना बोटं रडवतात, आणि कित्येक जण तिथेच गिटार सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या अंगावरच्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली कागद सरकला तर ती गिटार नकोच.

थोडे पैसे सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट जुळवून घेण्यासाठी राखून ठेवा. तारा ११ नंबरच्या (नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लावून घ्या, १२ पेक्षा बोटांना बऱ्याच हलक्या जातात.