घरच्या स्टिरिओला बेसच येत नाही, सबवूफर घ्यावा की मोठा अ‍ॅम्प?

तुम्ही लिहिलंय की बेसचा नॉब पूर्ण फिरवला तरी दोन बुकशेल्फ स्पीकरमधून बेस येतच नाही, आवाज पोकळ वाटतो, मग आता सबवूफर (फक्त खालचे सूर काढणारा वेगळा स्पीकर) घेऊ का मोठा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर). माझं ऐकाल तर आठवडाभर काहीच घेऊ नका, आधी स्पीकरच्या वायरी बघा.

हे मी ठासून सांगतोय कारण माझ्या सिस्टिमला एका स्पीकरची वायर कित्येक महिने उलटी लागलेली होती, लालच्या जागी काळी, आणि आवाज दोन्हीकडून येत होता त्यामुळे शंकाही आली नाही, मी आपला स्पीकरच कमजोर आहेत असं धरून चाललो होतो. उलट्या वायरीत होतं काय की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो, आणि याचा सगळ्यात जास्त फटका बेसलाच बसतो. वरचे सूर ठीकठाक ऐकू येतात म्हणून लक्षात येत नाही. अ‍ॅम्प बंद करा, एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, तेच गाणं परत लावा. ज्या जोडणीत बेस भरीव येतो आणि गायकाचा आवाज बरोबर मधोमध ऐकू येतो ती बरोबर.

वायरी ठीक निघाल्या तर मग खोली. खरं सांगायचं तर बेसचं अर्ध्याहून जास्त काम खोलीच करते. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा लांब, ती भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते, मग काही जागी बेस दुप्पट होतो आणि काही जागी जवळजवळ गायब. ४ मीटर लांबीच्या खोलीत हा खेळ ४३ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, आणि बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची आहे, बघा कुठे घाव बसतो ते. भिंतीजवळ हा बेस भरपूर आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर सगळ्यात कमी, आणि आपण खुर्ची नेमकी तिथेच मांडतो! तिथे नॉब फिरवून काही उपयोग नाही, कारण जेवढा जास्त बेस सोडाल तेवढाच परत येऊन एकमेकांना मारतो.

म्हणून एक करा. बेस चांगला असलेलं, तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं लावा आणि खोलीभर हळूहळू फिरा, भिंतीला टेकून ऐका, कोपऱ्यात डोकं घालून ऐका. तिथे बेस दणकून ऐकू आला तर स्पीकर बेस देतायत, फक्त तुमच्या खुर्चीपर्यंत तो पोचत नाहीये. मग खुर्ची मागे घ्या, हातभर सरकवली तरी फरक कळतो.

स्पीकरही सरकवून बघा. मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे असेल तर भिंतीवरून परत येणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपासचा बेस कापतो. जवळ नेला की बेस वाढतो, कोपऱ्यात अजून वाढतो पण तिथे तो घुमायला लागतो आणि मग सगळी गाणी एकसारखी वाटतात, मला ते अजिबात सहन होत नाही. पोर्टचं, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून हवा ये-जा करायचं, भोक मागच्या बाजूला असेल तर वीतभर जागा मोकळी सोडाच. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कोणी दिला तर वेळ घालवू नका, त्याने बेसला काडीचाही फरक पडत नाही.

मोठ्या अ‍ॅम्पचं म्हणाल तर ५० वॅटचा १०० वॅट केला की वाढतात फक्त ३ डेसिबल, जेमतेम कळण्याइतके. आणि लहान वूफरची, म्हणजे स्पीकरमधल्या बेस काढणाऱ्या पडद्याची, मर्यादा असतेच, तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं, पाच इंची पडदा तेवढा हलत नाही, मग नॉब पूर्ण ठेवला की आवाज फाटतो. हळू आवाजात ऐकत असाल तर तेही एक कारण, आपल्या कानालाच हळू आवाजात बेस कमी ऐकू येतो, लाउडनेसचं बटण त्यासाठीच असतं, दाबून बघा.

एवढं करूनही अगदी खालचा बेस नसेल तर सबवूफर जरूर घ्या, पण कोपऱ्यात ढकलून विसरू नका. तो आधी तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, गाणं लावा, आणि तुम्ही भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐका, जिथे बेस स्वच्छ आणि सारखा वाटेल तिथे सबवूफर न्या. विचित्र दिसतं पण यापेक्षा सोपी पद्धत मला माहीत नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती हद्द, ८० हर्ट्झपासून सुरू करा, फेजचं बटण (सबवूफरचा पडदा उलट दिशेने हलवणारं) दोन्हीकडे करून ज्यात बेस जास्त तिकडे ठेवा, आणि लेव्हल इतकीच की बेस सबवूफरमधून येतोय हे कळता कामा नये.

खोलीची लांबी-रुंदी आणि तुम्ही कुठे बसता ते कमेंटमध्ये टाका, खुर्ची कुठे सरकवायची ते सांगतो.